मूठभर ताण

डाव्या हातमोज्याच्या तळव्यावर, करंगळीच्या मुळाशी, चामडं दीड मिलिमीटर झिजलं होतं. उजव्या मोज्यावर त्याच जागी झीज जवळजवळ नव्हती. मृण्मयीने दोन्ही मोजे पांढऱ्या कागदावर उताणे ठेवले, कॅलिपर शून्यावर आणला आणि पुन्हा मोजलं. आकडे तेच आले.

झीज चुकीच्या हातावर होती. कातळाच्या पायथ्याशी उभं राहून चढणाऱ्याचा दोर धरणाऱ्या माणसाचे दोन हात दोन वेगळी कामं करतात. उजवा हात ब्रेकचा; वरचा माणूस पडला की दोर तोच रोखतो. डावा हात फक्त दोराला वाट देतो, त्याच्यावर भार येत नाही. डावा मोजा इतका झिजायचा तर त्या हाताने दोर सतत ओढून धरलेला असला पाहिजे. एकदोनदा नाही, वर्षानुवर्षं.

मोजे धावजीचे होते. शिवण उसवली म्हणून त्याने ते पोळदरीहून पाठवून दिले होते, नवीन जोड द्या म्हणून. चामड्याच्या आत मृण्मयीने स्वतः शिवलेले सेन्सर होते. दोन वर्षं धावजी हेच मोजे घालून तिचा दोर धरत होता आणि त्याच्या हाताची प्रत्येक हालचाल तिच्याकडे नोंदली जात होती. त्या नोंदींवरून तिने एक यंत्र शिकवलं होतं. आज ती यंत्रं चारशे बारा लोकांच्या कमरेला होती.

तिने डाव्या मोज्याचा सेन्सर काढून टेबलावर ठेवला. त्यावर काहीच ठेवलं नाही. पडद्यावर आकडा आला शून्य. एक किलोचं वजन ठेवलं, एक आला. सेन्सर बरोबर होता. तो पहिल्यापासून बरोबर होता, हे तिच्या लक्षात यायला आणखी दहा मिनिटं गेली. ती दहा मिनिटं तिने सेन्सर पुन्हा पुन्हा तपासण्यात घालवली.

एकट्याने कातळ चढायचा तर दोर धरायला खाली कोणी नसतं. मग दोराचं एक टोक पायथ्याशी बांधायचं, दोर वाटेत कातळात ठोकलेल्या बोल्टांमधून ओवत न्यायचा, आणि कमरेला एक यंत्र लावायचं. चढणारा वर जाईल तसा यंत्राने दोर सोडायचा, पडला की धरायचा. ऐकायला सोपं आहे. अडचण अशी की पडणाऱ्या माणसाचा वेग पाव सेकंदात अडीच मीटर प्रतिसेकंद होतो, आणि बोल्टमध्ये अडकवण्यासाठी घाईने दोर ओढणाऱ्या हाताचा वेगही साधारण तेवढाच असतो. यंत्राला फरक कळत नाही. जुनी यंत्रं दोन्ही वेळा दोर आवळत. नेमकं एका हातावर लटकलेलं असताना दोर अडला की माणूस पडायचा, तो यंत्रामुळेच.

माणसाला मात्र फरक कळतो. खाली उभा असलेला अनुभवी माणूस फक्त वेग बघत नाही. दोराची थरथर, श्वास, पायाखालून निसटलेला खडा, असं सगळं मिळून त्याच्या हाताला समजतं. मृण्मयीने नियम लिहायचा नाद सोडला आणि असा एक हात शोधला. शोधावा लागलाच नाही. नऊ वर्षं तिचा दोर धावजीच धरत होता.

धावजीच्या घराण्यात पूर्वी कड्यावरचा मध काढत. माणूस दोराला लटकून कड्याच्या मध्यापर्यंत खाली जायचा, आणि वर दोर धरायला असायचा त्याच्या बायकोचा भाऊ. दुसरा कोणी नाही. सख्खा भाऊसुद्धा नाही. बहिणीचं कुंकू ज्याला राखायचंय तो दोर सोडणार नाही, असा त्यांचा हिशेब. मृण्मयीने पहिल्यांदा दोर हातात दिला तेव्हा धावजी म्हणाला होता, "बाईमाणूस दोरावर असंल तर मेहुणा कुठला आणायचा? जाऊ द्या, मीच व्हतो."

म्हणून यंत्राचं नाव पडलं मेहुणा. लोकांना ते आवडलं. "मेहुणा चार्जिंगला लावलाय" हे वाक्य आता गिर्यारोहकांमध्ये कोणी हसून म्हणत नसे, सरळ म्हणत.

चूक कुठे झाली ते तिला आता दिसत होतं. धावजीच्या नोंदींमध्ये, दोर मोकळा असायला हवा तिथे, साडेपाच किलोचा ताण दिसायचा. तिने तो सेन्सरचा दोष मानला. उन्हाने, घामाने सेन्सरचा शून्य सरकतो, हे कोणत्याही प्रयोगशाळेत घडतं. यंत्रातही त्याच जातीचा सेन्सर बसवायचा होता, म्हणजे त्यातही तोच दोष असणार, दोन्ही दोष एकमेकांना कापतील. म्हणून तिने आकडे दुरुस्त केले नाहीत. साडेपाचलाच शून्य समजावं, असं गृहीत धरून यंत्र शिकवलं.

तिने एक जुनी नोंद उघडली आणि मीटरमागे मीटर वाचली. बोल्ट डोक्याच्या वर असताना ताण साडेपाच. बोल्ट कमरेशी आला की ताण नाहीसा. पुढचा बोल्ट वर अडकवला की पुन्हा साडेपाच. सेन्सरचा दोष जागा बघून येत-जात नाही. हे पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

म्हणजे दोर बोल्टवरून वळून तिला वर उचलू शकत होता तिथे धावजी ओढत होता, आणि तिला खाली खेचला असता तिथे सोडत होता. यंत्र हेही शिकलं होतं. उत्तम शिकलं होतं.

गेल्या वर्षभरात राज्यातले गिर्यारोहक अचानक चांगले चढायला लागले होते. जे मार्ग जेमतेम दहाबारा जणांना जमत, ते शंभर जणांना जमू लागले. एका विद्यापीठातल्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्यावर लेख लिहिला होता. खाली बघणारं कोणी नसलं की माणसाची भीती कमी होते, असा निष्कर्ष होता. मृण्मयीने तो लेख दोनदा वाचला होता आणि तिला तो पटलाही होता.

*

पंकज तिचा भागीदार. कारखाना तो सांभाळायचा. दोन डिसेंबरला ती त्याच्यासमोर बसली आणि सगळं सांगितलं.

"कोणी जखमी झालंय?" त्याने विचारलं.

"नाही."

"तक्रार?"

"एकाने लिहिलंय की यंत्र फार आपुलकीने वागतं."

"ही तक्रार असेल तर मला अशा रोज हव्यात."

"पंकज, यंत्र त्यांना वर ओढतंय."

"साडेपाच किलोने. आमची ही वर्षभर तेवढंच कमी करायला बघतेय. तिला देऊ का एक?"

मृण्मयी हसली नाही. पंकजने पेन ठेवलं.

"माझ्यासारख्या अठ्ठावन्न किलोच्या माणसाला," ती म्हणाली, "साडेपाच म्हणजे जवळजवळ दहा टक्के. जिथे फक्त चार बोटांच्या टोकांवर लटकायचं असतं, तिथे दहा टक्के म्हणजे सगळंच. पायथ्यावरून धावजीने ओढलं तर बोल्टवरच्या घर्षणात निम्मं जायचं, वर तीन-साडेतीन पोचायचे. यंत्र कमरेलाच असतं. तिथे पूर्ण साडेपाच."

"आणि नियम काय आहे? मुक्त चढाईचा?"

"दोर फक्त पडल्यावर धरण्यासाठी. चढताना त्याची मदत घ्यायची नाही. एक किलोचीही नाही."

पंकजने खुर्ची पुढे ओढली. "जाहीर करायचं तर आपण करू. महिना-दोन महिने लोक शिव्या देतील, मग विसरतील. पण जाहीर करायला सुरुवात तुझ्यापासून करावी लागेल. नांगी. लक्षात आहे ना?"

"लक्षात आहे."

"मग ठरव."

"ठरवते," ती म्हणाली.

नांगी हा पोळदरीचा सुळका. नव्वद मीटर उंच, माथ्याशी विंचवाच्या नांगीसारखा वाकलेला. साठ मीटरवर कातळाचं छत पुढे येतं. छताच्या ओठावर जुन्या मोहिमेतला एक बोल्ट आहे. खालच्या कपारीत उभं राहून बांबूच्या काठीने त्यात दोर अडकवायचा, आणि मग त्या बोल्टखालच्या चार मूव्ह, म्हणजे पकड बदलत वर सरकायचे चार टप्पे. सहा वर्षांपूर्वी, धावजीने दोर धरलेला असताना, त्या चार मूव्ह मुक्तपणे पहिल्यांदा मृण्मयीने केल्या, अशी नोंद होती. तिची कंपनी, तिच्या शब्दाला असलेलं वजन, यंत्रावर लोकांनी चटकन ठेवलेला विश्वास, हे सगळं त्या चार मूव्हवर उभं होतं. पहिली चढाई तिची, म्हणून नांगीवरची प्रत्येक नवी चढाई तपासून मान्य करायचं कामही तिचंच होतं. तिने आजवर बावीस मान्य केल्या होत्या. बावीसही मेहुणा लावून झालेल्या.

दोन डिसेंबरनंतर आलेल्या नोंदी तिने मान्यही केल्या नाहीत आणि अमान्यही केल्या नाहीत. त्यांच्यापुढे 'तपासणी सुरू' असं लिहिलं. जानेवारी संपत आला तेव्हा अशा नऊ नोंदी साचल्या होत्या.

*

हल्ली चढाईचा हंगाम जेमतेम दहा आठवड्यांचा उरला होता. फेब्रुवारीच्या मध्यानंतर नांगीचा कातळ सकाळी नऊलाच हाताला चटके देई. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी मृण्मयी पोळदरीला पोचली तेव्हा सात वाजले होते आणि कातळाचं तापमान चौदा अंश होतं.

रेवती आधीच छताखाली पोचली होती. वय चोवीस. मेहुणा न वापरणारी आता ती एकटीच उरली होती. तिचा दोर तिची आई धरायची. संगीताताई एसटीत सत्तावीस वर्षं कंडक्टर होत्या. निवृत्त झाल्यावर मुलीने त्यांना दोर धरायला शिकवलं. मुलगी तयार आहे असं वाटलं की त्या "डबल!" म्हणून ओरडत, आणि थांबायचं असेल तर नुसतं "बेल!"

धावजी शेजारच्या दगडावर बसून बघत होता. अठ्ठावन्न वर्षांचा, शिडशिडीत, डोक्याला मफलर. "बाई, दोराला झोळ किती पडलाय बघा. जरा हातात घ्या की."

"सक्त ताकीद आहे हो," संगीताताई मान वर ठेवूनच म्हणाल्या. "ओढलंस तर घरी चालत ये म्हणालीय."

"आवं पर तिला वर कळायचं कसं, तुमी हाये का न्हाई?"

"ओरडते की मी. शेवटच्या सीटवर झोपलेला माणूस उठायचा माझ्या आवाजाने. ही तर साठच मीटरवर आहे. डबल!"

रेवतीने पहिली मूव्ह केली. दुसरी केली. तिसऱ्या मूव्हला उजवा हात एका बारीक कडेला लावून डावा पाय कातळातल्या काळ्या पट्टीवर न्यायचा असतो. पाय गेला. दोन सेकंद ती तशीच राहिली. मग बोटं उघडली आणि ती खाली आली. दोराने धरलं. संगीताताई अर्धा फूट वर उचलल्या गेल्या आणि परत उभ्या राहिल्या.

"अकरावी खेप," त्या शांतपणे म्हणाल्या.

पुण्याची तीन मुलं बाजूला मेहुणे तपासत होती. त्यांची नांगी डिसेंबरमध्येच झाली होती. नोंद मान्य होईना म्हणून पुन्हा चढून दाखवायला ती आली होती. त्यांच्यातला यशोधन मृण्मयीजवळ आला.

"मॅडम, एक्केचाळीस दिवस झाले, तपासणी सुरूच आहे. आमचं काही चुकलंय का?"

"तुमचं नाही."

"नाही म्हणजे, आज बारा वाजता राज्य संघाच्या निवड शिबिराची यादी बंद होतेय. चार जागा आहेत. नांगी मान्य झाली तर आम्ही तिघं नक्की. म्हणत असाल तर आत्ता परत चढतो."

"बाराच्या आत सांगते," मृण्मयी म्हणाली. हेही ती गेले काही दिवस वेगवेगळ्या शब्दांत म्हणतच होती.

रेवती खाली उतरली. बोटांवरची पट्टी रक्ताने चिकटली होती. ती सोलत ती मृण्मयीजवळ येऊन बसली.

"तिसऱ्या मूव्हला तुमचा डावा पाय काळ्या पट्टीवरच होता ना?"

"हो."

"माझाही तिथेच असतो. आणि उजवा हात?"

"तू ठेवतेस तिथेच."

"तुमचा व्हिडिओ मी किती वेळा पाहिला असेल. तुमची उंची माझ्याहून कमी, वजन जास्त. मला हिशेबच लागत नाही." ती हे तक्रारीच्या सुरात म्हणत नव्हती, बिघडलेल्या प्रयोगाबद्दल बोलावं तसं बोलत होती. "सगळ्यांना जमतं. यशोधनला मी बोटं बळकट करायला शिकवलं, त्यालाही जमलं. म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे. आज शेवटचं असं आईला सांगितलंय. एसटीच्या चार्जिंग डेपोत जागा निघाल्यात, अर्ज भरते."

"मेहुणा घे म्हटलं तर घेत नाही," संगीताताई दोर गुंडाळत म्हणाल्या. "म्हणे, माझा दोर तूच धरायचा. मी म्हटलं, अगं तुला वर जायचंय का माझ्याबरोबर गप्पा मारायच्यात?"

"दोन्ही," रेवती म्हणाली.

मृण्मयीने घड्याळ बघितलं. नऊ वाजून दहा मिनिटं. "दोर गुंडाळू नका," ती म्हणाली. "मी एकदा जाऊन येते."

*

आठ आठवडे तिने ही चाचणी टाळली होती. कारण साधं होतं. साडेतीन किलोची मदत मिळाली होती हे नक्की. पण ती मदत नसती तरी आपण चढलो असतो, ही एक शक्यता शिल्लक होती. आणि चाचणी होईपर्यंत ती शिल्लकच राहणार होती.

तिने मेहुणा कमरेला लावला, जोडलेल्या फोनवरून ताण शून्यावर आणला. पडल्यावर धरण्याची व्यवस्था तशीच ठेवली. तिच्या चढण्याने काहीच सिद्ध होणार नाही, हेही तिला कळत होतं. तेव्हा ती अडतीसची होती, आता चव्वेचाळीसची. आज पडली तर सहा वर्षांपूर्वीही पडली असती असं म्हणता येत नाही. आज चढली तर मात्र निदान काहीतरी हाती लागेल.

छतापर्यंतचे साठ मीटर तिला पाठ होते. कपारीत पोचून तिने बांबूने दोर ओठावरच्या बोल्टमध्ये अडकवला आणि थोडं थांबली. एरवी या क्षणी कमरेजवळ बारीक घुंई असा आवाज यायचा आणि हार्नेसचा पट्टा मांड्यांवर किंचित घट्ट व्हायचा. ते होणं म्हणजे यंत्र जागं होणं, असं ती समजत आली होती. त्याआधी, धावजी खाली असायचा तेव्हाही या जागी अंग हलकं वाटायचं. त्याला तिने आत्मविश्वास म्हटलं होतं. एका मुलाखतीत तसं सांगितलंही होतं.

आज आवाज नव्हता. दोर समोर सैल लोंबत होता.

पहिली मूव्ह. दुसरी. दुसरीलाच तिला कळलं की आपलं वजन आजवर आपण नीट उचललेलंच नाही. तिसरीला उजव्या हाताची चार बोटं कडेवर गेली. कडा तीच होती, मधल्या बोटाखाली तोच बारीक खड्डा होता. डावा पाय उचलायला सुरुवात केली, पट्टीपर्यंत अजून एक वीत बाकी होती, आणि बोटं सरळ झाली. तिने ती उघडली नाहीत. ती आपणहून उघडली.

पाऊण मीटरवर मेहुण्याने धरलं. अलगद, कुठे न आपटता. तेही धावजीच्याच हातासारखं.

तिने आणखी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तिसऱ्या मूव्हवर.

*

ती उतरली तेव्हा धावजी खाली उभा होता. "ताई, आज मेहुणा झोपला व्हता काय?"

"मी झोपवला होता. चला जरा तिकडे."

दोघं करवंदाच्या जाळीपलीकडे सावलीत गेली. तिने त्याला डाव्या मोज्याचं सांगितलं.

"आता ताण ठेवायचा न्हाई तर काय करायचं?" धावजीने विचारलं. "मधाच्या दोराला एक मूठ कायम ताण लागतो. दोर ढिला पडला की लटकलेला माणूस समजतो, वरचा गेला. मग त्यो घाबरतो, आन् घाबरला की हात सुटतो. बापाने पहिल्या दिवशी हेच शिकिवलं. मोकळा दोर म्हंजे सोडलेला दोर."

"मला कधी बोलला नाहीत."

"तुमी कधी विचारलं न्हाई. मला वाटलं, ठावं असंल. अंगाला कळतं की."

"कळायला हवं होतं," मृण्मयी म्हणाली. मग तिने मुक्त चढाईचा नियम सांगितला. तो त्याने आधी ऐकलेला होता, पण त्यात आपला हात येतो हे त्याच्या मनात आलं नव्हतं. मफलर काढून त्याने पुन्हा बांधला.

"म्हंजे त्या दिवशी तुमी चढल्या न्हाई?"

"पूर्ण नाही."

"मी तीन गावांत सांगितलंय. एकटी बाई, कुणाची मदत न्हाई, छत चढून गेली. नातीच्या शाळंत फोटू लावलाय तुमचा." त्याने सुळक्याकडे बघितलं. "काढावा लागंल का त्यो?"

"खालचा मजकूर बदलावा लागेल."

"माझ्यापायी तुमचं नाव जाणार."

"तुमच्यामुळे नाही, धावजीभाऊ. तुम्ही काही लपवलं नव्हतं. आकडा माझ्यासमोर होता, मी त्याला दोष समजले."

धावजी सुळक्याकडेच बघत होता. रेवतीचा दोर अजून छताखाली लोंबत होता. त्याने तो पायथ्यापासून वरपर्यंत नजरेने मोजला आणि मग तोंडाने 'च्च' केलं.

"ती पोर," तो म्हणाला. "म्हणून तिलाच जमंना. तिची आय मोकळा दोर धरती."

"हो."

"आन् मी सकाळधरनं त्या बाईला बोल लावतोय, झोळ पडलाय म्हणून." तो मृण्मयीकडे वळला. "तुमाला हे कवापास्नं ठावं हाय?"

हा प्रश्न तिला अपेक्षित नव्हता. "आठ आठवडे झाले."

धावजीने मान हलवली. रागावल्यासारखा दिसला नाही. एखादा आकडा मनात नोंदवून ठेवावा तशी ती मान हलली. "मशिनीतनं माझी मूठ काढणार?"

"चढतानाची काढणार. पडल्यावर जी धरते ती तशीच राहील. तिच्यापेक्षा चांगली मला कुठे मिळालेली नाही."

"मग काढा," तो म्हणाला आणि उठला. "मी त्या बाईकडं जातो. माफी मागायची राहिलीय."

ती त्याच्या मागोमाग आली. साडेअकरा वाजले होते. ऊन छताच्या ओठापर्यंत चढलं होतं. रेवती बूट सोडत होती. संगीताताई डब्यातली थालीपिठं सगळ्यांना वाटत होत्या, आणि यशोधनला सांगत होत्या की लोणचं हवं असेल तर आधी हात धुऊन यायचं, ही काही गाडी सुटत नाहीये. धावजी त्यांच्यापाशी जाऊन उभा राहिला. "बाई," तो म्हणाला, "तुमचा दोर बरूबर हाये."

"मी सांगत नव्हते?" संगीताताई म्हणाल्या आणि त्याच्या हातात थालीपीठ दिलं.

यशोधनने मृण्मयीला बघितलं. फोन पुढे करत तो आला. "मॅडम, अर्धाच तास राहिलाय. मान्य करताय ना?"

पडद्यावर नऊ नावं होती. प्रत्येकासमोर 'तपासणी सुरू'. रेवतीने मान वर केली नाही. तिच्या डाव्या बुटाच्या नाडीला गाठ बसली होती आणि पट्टी बांधलेल्या बोटांनी ती सुटत नव्हती.

मृण्मयीने फोन हातात घेतला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, पण शब्द सुटे सुटे करून, ती बोलू लागली.

"या नऊ नोंदी मी मान्य करणार नाही. आधी मान्य केलेल्या बावीसही रद्द करतेय. दोष तुमचा नाही, माझ्या यंत्राचा आहे. छताखाली ते प्रत्येकाला साडेपाच किलोने वर ओढतं. आज रात्रीपर्यंत सगळ्या मेहुण्यांचा ताण शून्यावर येईल."

यशोधनने पुढे केलेला फोन खाली घेतला. रेवतीचा हात नाडीवर तसाच राहिला.

"नांगीची मुक्त चढाई आजपर्यंत कोणीही केलेली नाही," मृण्मयी म्हणाली. "मीसुद्धा नाही."